बोरिवली विरुद्ध घाटकोपर, पंच मुलुंड

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा ज्या वर्षी ऑनलाइन झाली, त्याच वर्षी मंडळातल्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला.

त्याआधी ही स्पर्धा परळच्या चाळीत, मंडळाच्या खोलीत व्हायची. गावातली निम्मी माणसं तिथल्या गिरण्यांत कामाला होती आणि पाळी संपली की पट मांडून बसायची. मग गिरण्या गेल्या, चाळ बिल्डरच्या घशात गेली, आणि जो तो परवडेल तिथे राहायला गेला. कोण बोरिवलीला, कोण घाटकोपरला, कोण जोगेश्वरीला. आम्ही मुलुंडला. आता या सगळ्यांना एका रविवारी एका खोलीत जमवायचं तर कुणाचं तरी लग्नच काढावं लागतं. म्हणून आमच्या सेक्रेटरींनी ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या घरी बसून मोबाइलवर खेळायचं.

आणि त्या पहिल्याच ऑनलाइन वर्षी घाटकोपरचे काका फायनलला पोचले.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही, म्हणून सांगते. हे काका आमच्या भावकीतले. माणूस सोन्यासारखा. चाळीत कुणाकडे पाहुणे आले की झोपायला यांच्या गाद्या, कुणाचा नळ गळला की यांचा पाना. पण बुद्धिबळात ते हरायचे. हरायचे म्हणजे इतके, की चाळीत कुणी नवीन खेळायला शिकला की त्याचा पहिला डाव मुद्दाम काकांशी लावून द्यायचे. त्याला जरा हुरूप यावा म्हणून. असा माणूस एकाएकी सटासट सगळ्यांना गारद करत सुटला. मंडळाच्या ग्रुपवर आधी अंगठे आले, मग टाळ्या आल्या, मग एकदम शांतता झाली, आणि मग कुणीतरी विचारलं, "शेजारी कॉम्प्युटर लावून बसतात काय?"

काका म्हणाले, "मी प्रॅक्टिस केलंय. रिटायर झालोय, दिवसभर मोबाइलवर दुसरां करतंय काय?"

फायनलमध्ये त्यांच्यासमोर होती माझी सख्खी आत्या, बोरिवलीची. चाळीत ती लहानपणापासून पुरुषांच्या मागे उभी राहून डाव बघायची आणि बघता बघता त्यांना हरवायला लागली होती. तिने ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, "मी माणसाशी खेळतंय. मशीनशी खेळूचा नाय." आणि फायनल झालीच नाही. कप सेक्रेटरींच्या घरी, त्यांच्या कपाटात राहिला.

काकांना ते फार लागलं. गणपतीत आमच्याकडे आले तर मोदक पुढे केला तरी "नको गो" म्हणाले. काका मोदकाला नको म्हणाले, तेव्हा आम्हाला कळलं प्रकरण किती गंभीर आहे ते.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी सेक्रेटरींचा मला फोन आला. मी अंधेरीच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात आहे.

"काय गो, तू कॉपी पकडतंस मां?"

"पकडत नाही हो. मी फक्त हॉल तिकिटं बघते."

"तांच तां. या वर्षी तू पंच."

मला बुद्धिबळात सोंगट्या कशा चालतात तेवढंच येतं. घोडा अडीच घरं जातो यावर माझी विद्या संपते. पण सेक्रेटरी म्हणाले, तेच बरं, तुला चांगली चाल दिसलीच नाही तर तू कुणाला सांगणार कशी? मी हो म्हटलं. घरात बाबा तर खुश झाले. माझे बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. ते स्वतः खेळत नाहीत, पण दुसऱ्याचा डाव बघायला त्यांना जेवणापेक्षा जास्त आवडतं.

मी नियम केले. परीक्षेचेच नियम जरा उलटेपालटे करून. खोलीत एकट्याने बसायचं. दार बंद. एका फोनवर खेळायचं आणि दुसरा फोन पाठीमागे, जरा बाजूला उभा करून व्हिडिओ कॉलवर ठेवायचा, म्हणजे मला खेळणाऱ्याचे हात आणि त्याचा स्क्रीन दोन्ही दिसतील. डाव सुरू व्हायच्या आधी फोन गोल फिरवून खोली दाखवायची. डावात फोन घ्यायचा नाही, करायचा नाही. आणि कुणी बोलायचं नाही.

कागदावर हे झकास दिसत होतं. ट्रायलच्या रविवारी माझी वाट लागली.

पहिली गोष्ट म्हणजे, आमच्या मंडळात एकट्याने बसायला खोली कुणाकडेच नव्हती. वन बीएचकेमध्ये माणसाला एकटेपण फक्त एकाच जागी मिळतं, आणि जोगेश्वरीचे एक भाऊ खरंच तिथे बसले. कोरड्या बाथरूममध्ये, उलट्या बादलीवर. मागचा फोन गीझरवर. मधूनच बाहेरून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "आटपलं का? मला कपडे भिजत घालायचेत." अंधेरीचे एक जण सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसले. तर वॉचमन येऊन काच वाजवायला लागला, कारण गाडी चालू करत नाहीत, उतरत नाहीत आणि मधूनच डोकं धरतायत म्हणजे साहेबांना काहीतरी होतंय असं त्याला वाटलं. स्वतः सेक्रेटरींनी मला पूर्ण डावभर छताचा पंखा दाखवला. मी सांगून थकले. ते म्हणत होते, "माका तू बरोबर दिसतंस."

दुसरी गोष्ट, कॅमेरा पाठीमागे असल्यामुळे मला कुणाचाही चेहरा दिसायचा नाही. नुसत्या माना. त्या महिन्यात मी सगळ्या नातेवाइकांना मानेवरून ओळखायला शिकले. कुणाची मान चाल सुचली की ताठ व्हायची, कुणाची लाल. काकांनी तर मानेची खास कटिंग करून घेतली होती. "रेकॉर्डिंग होता मां," असं ते काकूंना म्हणाले होते.

स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या फेरीत सगळं नीट पार पडलं. काकाही जिंकले, आत्याही जिंकली. पण दुसऱ्या फेरीत, आत्याचा डाव चालू असताना, ग्रुपवर काकांचा मेसेज आला. सगळ्या मंडळाला डाव बघायची मुभा होती, तसे तेही बघत होते. त्यांनी लिहिलं होतं, "पंचांनी लक्ष द्यावे. बोरिवली प्रत्येक चालीआधी उजवीकडे बघते."

मी बघितलं. खरंच. आत्याची मान प्रत्येक चालीआधी उजवीकडे वळायची, तिथे बराच वेळ थांबायची, मग परत स्क्रीनवर यायची. आणि त्या बाजूचा तिचा हातही मधूनमधून कॅमेऱ्याबाहेर जायचा.

पंच म्हणून पहिलाच माणूस पकडायचा आणि ती सख्खी आत्या. मी डाव थांबवला.

"आत्या, तुझ्या उजवीकडे काय आहे?"

"भिंत."

"भिंतीकडे कशाला बघतेस?"

"माझी भिंत आसा. मी बघीन नायतर रंगवीन."

"आत्या, फोन फिरव."

"चहा ठेवलाय गॅसवर."

"आत्या."

बराच वेळ फोन हललाच नाही. मग एकदम पूर्ण बोरिवलीच डोळ्यांसमोरून फिरली. खिडकी, वाळत घातलेले गाऊन, कॅलेंडर. आणि शेवटी वॉशिंग मशीन. सुरुवातीला खोली दाखवताना तिच्यावर नुसता टॉवेल होता; आता त्या टॉवेलवर चाळीतला जुना लाकडी पट मांडलेला होता आणि त्यावर चालू डाव जसाच्या तसा उभा होता.

"ह्या काचेत माका घोडो दिसणा नाय," आत्या म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "सगळा चपटा. हातात घेतल्याबिगर कळणा नाय गो."

आता हे नियमात बसतं की नाही? पटावर सोंगट्या हलवून पुढच्या चाली करून बघायच्या, हे मोठ्या स्पर्धांत चालत नाही, एवढं मी वाचलं होतं. पण झालेली चाल नुसती मांडून ठेवली तर? ग्रुपवर हलकल्लोळ झाला. काका म्हणाले, बाद करा. तेव्हा सेक्रेटरींना काय सुचलं कोण जाणे, ते म्हणाले, आधी सगळ्यांच्याच खोल्या नीट बघून घेऊ. आता लगेच. सगळ्यांनी फोन फिरवा.

सगळ्यांकडे पट होते. जोगेश्वरीच्या भावांचा बाथरूममध्ये वायपरच्या मागे. अंधेरीकरांचा गाडीच्या मागच्या सीटवर, वर गाडीचं कव्हर टाकून. आणि काकांचा पलंगावर, चादरीखाली. त्यातला एक पांढरा हत्ती हरवला होता आणि त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच होतं.

"ह्यो पट हय कसो इलो?" काका स्वतःच्याच पलंगाला विचारत होते.

मी निकाल दिला. पट चालेल, पण कॅमेऱ्यासमोर. झालेली चालच त्यावर मांडायची, पुढची करून बघायची नाही. एकाला तर सगळ्यांना. कुणीही माझ्या निकालावर वाद घातला नाही, कारण प्रत्येक जण आपापला पट उचलून कॅमेऱ्यासमोर आणण्यात गुंतला होता. मला मात्र त्या संध्याकाळी आपण कुणीतरी मोठे न्यायाधीश आहोत असं वाटत होतं. तो माझा सगळ्यात चांगला दिवस.

पुढे व्हायचं तेच झालं. फायनलला पुन्हा आत्या आणि काका.

यावेळी ग्रुपवर बोलणी सुरू झाली ती माझ्यावरून. पंच कोणाची भाची? मी म्हटलं, मग दुसरा कुणी पंच नेमा. दुसरा कुणी तयार होईना. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. दोघांच्याही घरी एक एक माणूस लक्ष ठेवायला बसवायचा, आणि तो समोरच्या पक्षाचा असायचा. म्हणजे आत्याच्या घरी बोरिवलीला काकांची बायको बसणार, आणि काकांच्या घरी घाटकोपरला आत्याचा भाऊ, म्हणजे माझे बाबा.

"एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं," सेक्रेटरी म्हणाले, "कोण कुणाक सोडूचो नाय."

मला तेव्हाच बाबांची काळजी वाटली होती. डाव बघताना त्यांच्या तोंडातून आवाज निघतात. त्यांना ते कळतही नाही. चांगली चाल झाली की "वा", वाईट होणार असली की जीभ टाळूला लावून "च्च". चाळीत त्यांना म्हणे बघायला उभं राहायचं असलं तर तोंडात बडीशेप भरून उभं करायचे.

"बाबा, तुम्ही फक्त बघायचं. आवाज नाही."

"मी काय लहान आहे?" असं म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून घाटकोपरला गेले. काकूही सकाळीच बोरिवलीला पोचल्या. जाताना त्यांनी डबाभर खापरोळ्या नेल्या, कारण शत्रूच्या घरी झालं तरी रिकाम्या हाताने कसं जायचं.

डाव दुपारी जेवणानंतर सुरू झाला. माझ्या लॅपटॉपवर मधोमध पट, डावीकडे आत्याची मान, उजवीकडे काकांची. आत्याच्या मागे काकू खुर्चीवर. काकांच्या मागे बाबा, पलंगाच्या कडेला, हाताची घडी, तोंड घट्ट मिटलेलं. मला बरं वाटलं.

काकांची खेळायची एक पद्धत होती. ते स्क्रीनवरच्या सोंगटीवर अंगठा ठेवायचे, आणि मग तो अंगठा न उचलता सोंगटी सगळ्या पटावर फिरवून आणायचे. या घरात ठेवू का, त्या घरात ठेवू का. नाही पटलं तर परत तिच्या जागी नेऊन सोडायचे. चाळीत नियमच होता, जोवर हात सुटला नाही तोवर चाल झाली नाही. मोबाइललाही तो मान्य होता.

थोड्या वेळाने काकांनी आपला हत्ती अंगठ्याखाली घेतला आणि आत्याच्या एका प्याद्याकडे निघाले. प्यादं मोकळं दिसत होतं. अंगठा त्याच्यावर जाऊन थांबला.

"च्च," बाबा म्हणाले.

अंगठा जागच्या जागी थिजला. काकांची मान हळूच मागे वळली. बाबांनी छताकडे बघितलं. काकांनी पट पुन्हा निरखला, आणि त्यांना दिसलं की त्या प्याद्याच्या मागे आत्याचा घोडा टपून बसला होता. हत्ती आल्या पावली परत गेला.

स्वतःच्या बहिणीविरुद्ध. सख्ख्या.

मी डाव थांबवून काही बोलणार, एवढ्यात डाव्या बाजूने कुजबुज ऐकू आली. इतकी बारीक, की काकू बहुधा आधीपासून बोलत होत्या आणि मला आत्ता कळत होतं.

"ते आता नाक खाजवतील बघा," काकू आत्याच्या कानाशी सांगत होत्या. "नाक खाजवलं की समजायचं काहीतरी लपवतायत. लग्नाच्या आधीपासूनची सवय. माझ्या वडलांना पगार सांगताना पण खाजवलं होतं."

मी उजवीकडे बघितलं. काका नाक खाजवत होते. आत्या पुढे वाकली, पटावर शोधलं, आणि काकांच्या उंटाचा कोपऱ्यातून चाललेला बेत तिला दिसला. तिने तो प्याद्याने बंद करून टाकला.

म्हणजे लक्ष ठेवायला बसवलेली दोन्ही माणसं ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाच मदत करत होती. बाबा काकांना, काकू आत्याला. मी परीक्षा विभागात इतकी वर्षं काढली, पण सुपरवायझरनेच कॉपी पुरवली आणि तीही समोरच्या वर्गाला, असं कधी बघितलं नव्हतं.

"बाबा!" मी ओरडले. "काकू!"

"मी काय केलं?" दोघंही एकदम म्हणाले.

मी दोघांनाही खोलीबाहेर काढलं. चुका सारख्या, म्हणून डाव तिथूनच पुढे चालू. काकू स्वयंपाकघरात गेल्या, आणि जाताना आत्याला विचारून गेल्या की चहा कसा हवा. बाबांना काकांनी घराबाहेरच काढलं आणि दार लावून घेतलं, कारण आतल्या खोलीतूनही त्यांचा "च्च" ऐकू येतो हा काकांचा जुना अनुभव होता.

आता दोघंच उरले. मला बुद्धिबळ कळत नाही, पण डाव चांगला चालला होता हे मलाही कळत होतं. दोघांच्याही माना अजिबात हलत नव्हत्या. लाकडी पटावर आत्या सावकाश सोंगटी ठेवायची, तो टक असा आवाज यायचा. काकांच्या पलंगावरचं बूच दोन घरं पुढे सरकलं होतं. कॉम्प्युटर मदत करत असता तर इतका घाम आला असता का, असं मला काकांच्या कॉलरकडे बघून वाटलं. तो माणूस खरंच प्रॅक्टिस करून आला होता.

मग काकांनी वजीर उचलला. अंगठ्याखाली धरला आणि फिरवायला सुरुवात केली. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. एवढ्यात त्यांच्या फोनवर, पटाचा वरचा भाग झाकून, माझ्या बाबांचा फोटो उगवला.

बाबा फोन करत होते. बाहेर जिन्यात उभं राहून त्यांना कंटाळा आला होता आणि डाव कुठवर आलाय ते त्यांना विचारायचं होतं. काकांनी रिंग बंद केली होती, पण फोटो कसा बंद करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. गोव्याच्या ट्रिपला काढलेला फोटो. टोपी घालून हसणारे बाबा, आणि त्यांच्या खाली कुठेतरी काकांचा वजीर.

"मी अजून सोडलंय नाय!" काका ओरडले. "अंगठो सुटलो नाय हां! पंच! बघ!"

"बघतेय काका. सोडू नका."

"फोन कसो काटू?"

"दुसऱ्या हाताने."

त्यांनी डाव्या हाताचं बोट बाबांच्या टोपीकडे नेलं. फोन जरा हलला. घामाने भिजलेला अंगठा घसरला. बाबा गेले, आणि पट पुन्हा दिसला तेव्हा काकांचा वजीर आत्याच्या प्याद्याच्या तिरप्या माऱ्यात, एकटा, पटाच्या मधोमध उभा होता.

मग काका माझ्याकडे, म्हणजे पाठीमागच्या फोनकडे, पहिल्यांदाच वळले. त्या महिन्यात मला दिसलेला खेळणाऱ्याचा तो पहिला चेहरा.

"तुझ्या बापान फोन केल्यान," ते म्हणाले.

आता मी काय करणार? चाल परत घ्या म्हणावं, तर वेबसाइटवर तशी सोय आम्हीच बंद करून ठेवली होती. डाव रद्द म्हणावं, तर आत्याचा जिंकता डाव जातो आणि काकांवर पुन्हा डाग. चालू ठेवा म्हणावं, तर पंचाच्या बापाने फोन करून वजीर पाडला आणि पंचाची आत्या जिंकली. आमच्या मंडळात हे पुढच्या पिढ्यांनाही सांगितलं गेलं असतं. मी नुसती लॅपटॉपकडे बघत राहिले. काकांच्या घराची बेल वाजली. बाबा बहुधा.

आत्याने प्याद्याने वजीर मारला. लाकडी पटावर तिने काकांचा वजीर उचलून टॉवेलवर ठेवला, सावकाश. काकांनी डोकं धरलं आणि कशीतरी एक साधी चाल केली.

मग आत्याचा अंगठा तिच्या स्वतःच्या वजिरावर गेला. तिने तो सरळ पुढे नेला, काकांच्या त्या बाटलीच्या बुचासमोर, आणि सोडला.

"अगो बाय," आत्या म्हणाली. "सरकलो."

"आत्या!"

"काय ओरडतंस? त्याचो सरकलो तो चलता, माझो सरकलो तो चलणा नाय?"

"आत्या, मुद्दाम वाईट चाल करणं नियमात..."

"मुद्दाम? माझा वय बघ. हात कापतत माझे."

तिने कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात धरले. ते दगडासारखे स्थिर होते. मागून काकूंचा आवाज आला, "कापतायत हो, सकाळपासून बघतेय मी." त्या चहा घेऊन खोलीत आल्या होत्या, आणि मी त्यांना बाहेर काढायचंही विसरले.

मी डाव चालू ठेवला. दुसरं काय करणार होते?

मला वाटतं, आत्याचा अंदाज असा होता की वजिराशिवायही ती काकांना सहज हरवील. आयुष्यभर हरवलंच होतं. पण तिने ज्याला हरवलं होतं तो चाळीतला काका, आणि हा रोज दुपारी मोबाइलशी झगडून शिकलेला काका. काकांनी बुचाने वजीर मारला. मग ते एकेक प्यादं इतक्या सावकाश पुढे नेत गेले की मला वाटलं घाटकोपरला नेट गेलं. आत्याची मान आधी ताठ झाली, मग पुढे झुकली, मग लाल झाली. शेवटी काकांचं एक प्यादं पार पलीकडे पोचलं, त्याचा नवा वजीर झाला, आणि दोन चालींत मात.

काका उठले. त्यांनी जाऊन आधी दार उघडलं. बाबा आत आले आणि म्हणाले, "अरे, फोन का काटलास?"

कप द्यायचा कार्यक्रम मंडळाच्या सत्यनारायणाला, जोगेश्वरीच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये झाला. त्याआधी एका संध्याकाळी काकांचा मला फोन आला होता.

"पंच म्हणान विचारतंय," ते म्हणाले. "तिना मुद्दाम दिल्यान काय?"

"कॅमेऱ्यात अंगठा सरकताना दिसला, काका. का सरकला ते कॅमेऱ्यात दिसत नाही."

"बरां," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नव्हतं. हॉलमध्ये कप हातात घेतल्यावर ते सरळ जेवणाच्या पंगतीत, आत्या बसली होती तिथे गेले. सगळे बघत होते.

"खरां सांग. मुद्दाम दिलंस?"

आत्याने मान वरही केली नाही. "तुका मुद्दाम देऊक तू माझो कोण लागतंस रे?"

काकांचा चेहरा असा काही उजळला की सेक्रेटरींनी पटकन फोन काढून फोटो घेतला. या खेपेला पंखा नाही, खरंच काका आले. त्यानंतर दोन तास काका हॉलभर कप घेऊन फिरत होते आणि भेटेल त्याला शेवटची प्यादी कशी नेली ते सांगत होते. ज्याला बुद्धिबळ येत नाही त्यालाही. आचाऱ्यालाही.

परतताना मी आत्याला बोरिवलीला सोडायला रिक्षात बसले. मला वाटलं, आता दोघीच आहोत, आता तरी ती वजिराबद्दल काहीतरी बोलेल. मी वाट बघत राहिले. गोरेगाव गेलं, मालाड गेलं. कांदिवलीच्या सिग्नलला आत्या एकदम माझा हात धरून म्हणाली,

"तो उंट मी एक चाल आधी काढलंय असता ना, तर गावलो असतो तो."

आणि बोरिवली येईपर्यंत ती मला रिक्षाच्या सीटवर, मांडीवरच्या पर्सची चेन, चष्म्याची केस आणि प्रसादाचा द्रोण घेऊन तो डाव मांडून दाखवत होती. मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही.